राशोल ते लंडन : एका पुराणाच्या पोथीचा प्रवास

६ नोव्हेंबर १८०५ रोजी मध्यरात्र उलटल्यावर इंग्लंडच्या आरमार खात्याच्या लंडनमधील कचेरीत एक थकलेला लेफ्टनंट येऊन दाखल झाला. ट्रॅफल्गरच्या युद्धात इंग्रजांना जय मिळाला आणि सेनापती नेल्सन कामास आला, ही वार्ता त्याने आणली होती. खात्याचे सचिव निजावयास जाण्याच्या बेतात होते. ती वार्ता त्या कचेरीत प्रथम त्यांच्याच कानी पडली. त्यांचे नाव विल्यम मार्सडेन. इंग्लंडच्या इतिहासात हे नाव बहुधा या एका रात्रीपुरते येते. मराठी वाङ्मयाच्या, विशेषतः गोमंतकीय मराठीच्या इतिहासात मात्र ते अगदी निराळ्या कारणाने नोंदले गेले पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची देवनागरी लिपीतील हस्तलिखित पोथी काळाच्या तोंडून वाचली, ती या गृहस्थांच्या संग्रहात होती म्हणून.

मार्सडेन यांचा जन्म १७५४ चा, आयर्लंडमधला. वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुमात्रा बेटावर गेले व काही वर्षांनी परत आले. येताना त्यांनी आणले ते मलायी भाषेचे वेड. १७८३ मध्ये त्यांनी सुमात्राचा इतिहास लिहिला, १८१२ मध्ये मलायी कोश व व्याकरण प्रसिद्ध केले, १८१८ मध्ये मार्को पोलोच्या प्रवासवृत्ताचे इंग्रजी भाषांतर केले. पण त्यांचा खरा व्यसंग म्हणजे संग्रह करणे. पूर्वेकडील भाषांचे कोश, व्याकरणे, पोथ्या, नाणी, जे मिळेल ते त्यांनी जमविले आणि १८२७ मध्ये त्या ग्रंथसंग्रहाची सूची स्वतःच छापून काढली. संग्राहक पुष्कळ असतात. स्वतःच्या हयातीत सूची करून ठेवणारे थोडे. मृत्यूपूर्वी त्यांनी नाणी ब्रिटिश म्युझियमला दिली आणि १८३५ मध्ये ग्रंथ लंडनच्या किंग्ज कॉलेजला. पुढे लंडन विद्यापीठात पौर्वात्य भाषांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र शाळा स्थापन झाली, तेव्हा, म्हणजे १९१७ च्या सुमारास, मार्सडेन संग्रह तिच्या ग्रंथालयात हलविण्यात आला. हीच ती स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज. १९३८ पासून तिच्या नावात आफ्रिकेचीही भर पडली. आज तो संग्रह या संस्थेच्या ग्रंथालयातील दुर्मीळ ग्रंथांच्या विभागात जतन केलेला आहे.

या पोथ्यांचे खरे मोल लंडनमध्ये ओळखले, ते एका अमेरिकनाने. रेव्हरंड जस्टिन अॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे. मुंबईत त्यांनी अनेक वर्षे काम केले होते आणि मराठी त्यांना घरच्या भाषेसारखी येत असे. निवृत्त होऊन अमेरिकेत परतल्यावर १९२६ पासून त्यांनी महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला काढली, ती मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. त्याआधी, १९२३ च्या सुमारास, याच स्कूलच्या बुलेटिनमध्ये त्यांचा एक छोटा लेख आला. मार्सडेन संग्रहातील 'आदिपुराण' व 'देवपुराण' या नावांच्या देवनागरी पोथ्या म्हणजे दुसरे तिसरे काही नसून स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचे दोन भाग होत, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. लेख जेमतेम पाच पानांचा. पण त्याने उपस्थित केलेला प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही.

तो प्रश्न समजण्यासाठी साष्टीत परत यावे लागते. गोव्यात पहिला छापखाना आला तो ६ सप्टेंबर १५५६ रोजी, आणि जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात तो बसविण्यात आला. हिंदुस्थानातील छपाईचा हा आरंभ. पण ज्या शतकाने गोव्याला छापखाना दिला, त्याच शतकाने येथील पोथ्या नाहीशा केल्या. देवळांबरोबर ग्रंथही गेले. १५५९ च्या एका जेझुइट पत्रात अशी हकीगत आहे की, नव्याने बाटलेला एक तरुण अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन पोर्तुगीज हद्दीपलीकडे गेला आणि तेथील एका ब्राह्मणाने आठ वर्षे खपून जमविलेल्या पुराणांच्या पोथ्या त्याच्या घरातून उचलून कॉलेजात घेऊन आला. पाद्र्यांनी त्या वाचवून घेतल्या, त्यांचे सार काढले आणि वादात खंडनासाठी वापरले. त्या ब्राह्मणाचे पुढे काय झाले, हे पत्र सांगत नाही. आठ वर्षांचे लेखन एका रात्रीत गेलेला तो माणूस इतिहासात निनावीच राहिला आहे.

अशा भूमीवर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी थॉमस स्टीफन्स उतरले. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेला, रोममध्ये जेझुइट संघात प्रवेश केलेला हा तरुण. हिंदुस्थानात स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्याची ओळख दिली जाते. आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे त्याने बहुतेक साष्टीतच घालविली. येथल्या भाषा तो नुसत्या शिकला नाही, तर त्यांच्या घडणीचा विचार करू लागला. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने नमूद केले की, या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशी मिळतीजुळती आहे. कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतचा युरोपीय भाषांशी असलेला संबंध जाहीर केला तो १७८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी. अर्थात स्टीफन्सची ती एक ओझरती नोंद होती. तिला सिद्धान्ताचे नाव देणे बरोबर नव्हे. पण कान तयार असल्याशिवाय तेवढेही ऐकू येत नाही.

ख्रिस्तपुराण का लिहिले गेले, त्याचे उत्तर ग्रंथाच्या आरंभीच आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्ही वाचावे असे दुसरे पुराण तुम्ही का करीत नाही? हा प्रसंग जसाच्या तसा घडला की कवीने रचला, हे ठरविण्याची आवश्यकता नाही. त्या प्रश्नातली तहान खरी आहे. घराघरांतून पोथी वाचण्याची सवय असलेल्या समाजाची पोथीच काढून घेतली होती. आणि काढून घेणाऱ्यांपैकीच एकाने ती उणीव जाणली व भरून काढण्यासाठी लेखणी उचलली. पहिल्या भागात ३६ व दुसऱ्यात ५९ असे एकूण ९५ अध्याय (ग्रंथाच्या भाषेत 'अवस्वरु') आणि अकरा हजारांच्या घरात ओव्या, एवढे हे प्रचंड काव्य आहे. विश्वाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यात ओवीच्या चालीवर सांगितलेली आहे. भाषा मराठी, तिच्यात साष्टीच्या बोलीचे शब्द मिसळलेले. आरंभी मराठीच्या थोरवीच्या ज्या ओव्या येतात, त्या आपल्या पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा छापल्या गेल्या आहेत की पुष्कळांना ख्रिस्तपुराण म्हणजे तेवढ्याच ओव्या वाटतात. हा अन्याय आहे. उपमा-दृष्टांतांचा जो सराव त्या ग्रंथात सर्वत्र दिसतो, तो मराठी पोथ्या मनापासून वाचल्याखेरीज कोणालाही साधणारा नाही.

हे पुराण १६१६ मध्ये राशोल येथे, म्हणजे आपल्या रायतूरला, छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. तिन्ही रोमन लिपीत. मराठी काव्य रोमन लिपीत का, याचे उत्तर स्टीफन्सच्याच एका पत्रात सापडते. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्याने रोममधील आपल्या संघप्रमुखांना लिहिले की, या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या अक्षरांत पुस्तके छापावीत अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, मलबारात तसे झालेलेही आहे. पण युरोपात चोवीस अक्षरांचे ठसे पुरतात, तर येथे सुमारे सहाशे पाडावे लागतील, आणि वरिष्ठांच्या आज्ञेवाचून ते होणे नाही. मलबारकडे १५७८ मध्ये तमिळ अक्षरांत छपाई झाली होती, तिचा हा उल्लेख. जोडाक्षरे आणि काना-मात्रा-वेलांट्या धरून सहाशेचा हिशेब मांडणारा हा पाद्री छापखान्याच्या कामात किती खोल शिरला होता, हे जुन्या खिळ्यांच्या छापखान्यात काम केलेल्या कोणालाही कळेल. परवानगी मात्र आली नाही, की आली तरी ठसे पडले नाहीत. स्टीफन्स १६१९ मध्ये वारले. त्यांची 'दौत्रीन क्रिस्तां' ही प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही राशोललाच, मरणोत्तर छापली गेली. त्यांतही मूळ अक्षरे नव्हती.

मग आला २७ जून १६८४ चा हुकूम. व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी फर्माविले की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावयास लागावे. हुकमाने भाषा मरत नसते, आणि कोकणी काही मेली नाही. पण पुस्तके मरतात. राशोलचा छापखाना त्यापूर्वीच थंडावला होता. ख्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्यांची मिळून एकही प्रत आजवर जगातल्या कोणत्याही ग्रंथालयात सापडलेली नाही. हा ग्रंथ टिकला तो लोकांच्या हातच्या नकलांमुळे. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला, उपवासाच्या दिवसांत मोठ्याने वाचला, पाने झिजली की पुन्हा उतरून काढला. त्या नकला ताडून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला जी आवृत्ती छापली, तिच्यामुळेच आधुनिक वाचकांना हे काव्य प्रथम संपूर्ण पाहावयास मिळाले. तीही रोमन लिपीतच. देवनागरीत संपूर्ण ग्रंथ आला तो १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या पुण्याहून निघालेल्या आवृत्तीने. आणि १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईत प्रसिद्ध झाली.

ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली म्हणजे लंडनच्या पोथ्यांचे महत्त्व कळते. छापील आवृत्ती रोमन, नकला रोमन, आणि एका नाविक खात्याच्या सचिवाच्या कपाटात मात्र तेच काव्य देवनागरीत! शिवाय फरक केवळ लिपीचा नाही. रोमन प्रतींत ख्रिस्ती धर्मविधींसाठी पोर्तुगीज व लॅटिन शब्द जागोजाग येतात. मार्सडेन पोथीत त्यांपैकी पुष्कळांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. अॅबट यांनी यावरून अनुमान काढले की, देवनागरी पोथी हेच मूळ रूप होय. स्टीफन्सने ग्रंथ देशी अक्षरांत व शुद्ध मराठीत रचला, आणि रोमन लिपीत छापताना विदेशी शब्द त्यात घुसले.

अनुमान मोहक आहे. १६०८ च्या पत्राशी ते जुळतेही. परंतु नंतरच्या अभ्यासकांपैकी काहींनी याच पुराव्याचा उलटा अर्थ लावला, आणि त्यांच्या बाजूचे वजनही कमी नाही. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा कवी स्वतः हयात होता, छापखाना त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याच्या प्रश्नोत्तरीतही पोर्तुगीज धर्मशब्द आहेतच. धर्मसभेच्या संज्ञा बदलल्या तर अर्थ बदलेल, ही त्या काळच्या पाद्र्यांची धास्ती होती. तेव्हा विदेशी शब्द मुळातले असून कोणा जाणत्या मराठी लेखकाने पुढे ते काढून टाकले व काव्य अधिक देशी केले, हेही तितकेच संभवते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. स्टीफन्सच्या काळी गोव्यात गावकीचे कागद कन्नड वळणाच्या 'गोंयकानडी' म्हणजे कंदवी लिपीत लिहिले जात. त्यामुळे पत्रातली 'या देशाची अक्षरे' म्हणजे देवनागरीच, असे गृहीत धरणे घाईचे होईल. निकाल काहीही लागो, एक गोष्ट या पोथ्यांनी सिद्ध केली आहे. ख्रिस्तपुराण देवनागरीतून वाचू इच्छिणारा वाचक त्या काळी होता. कोणीतरी त्याच्यासाठी अकरा हजार ओव्या लेखणीने उतरवून काढल्या.

गोव्यातून ही पोथी लंडनला कशी गेली, त्याचा सबंध माग लागत नाही. १७५९ मध्ये पोंबालच्या आज्ञेने गोव्यातील जेझुइटांना धरून देशाबाहेर घालविण्यात आले, त्यांची कॉलेजे व दप्तरे सरकारजमा झाली; अशा मोडलेल्या दप्तरांतील कागद पुढे बाजारात फिरले. मार्सडेनजवळ गोव्याच्या जेझुइट दप्तरातील इतर कागदही होते, आणि मोगल दरबारातील पाद्र्यांच्या हकीगतीसाठी इतिहासकार ते आजही वापरतात. संग्राहकाने ते जपले म्हणून उपकार मानावेत, की मूळ ठिकाण सोडून गेले म्हणून हळहळावे? पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी आणि उन्हाळ्यात वाळवी, हा अनुभव असलेल्या गोव्यातील कोणत्याही वाचनालयाला याचे एकेरी उत्तर देता येणार नाही.

विद्यापीठांच्या अशा दुर्मीळ विभागांत पोथी कशी पाहावयास मिळते, हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. कारण आपल्याकडील वाचकाला ती शिस्त अपरिचित आहे. कपाटापर्यंत कोणालाही जाऊ देत नाहीत. चिठ्ठीवर अनुक्रमांक लिहून द्यावा लागतो आणि मग पोथी टेबलावर येते, ती मऊ उशीवर किंवा फोमच्या आधारावर, पाठ ताणली जाणार नाही अशी. शाईचे पेन बाहेर ठेवावे लागते, नोंदी पेन्सिलीनेच. पान उघडे राहावे म्हणून त्यावर कापडात गुंफलेली शिशाच्या मण्यांची माळ ठेवतात. पिशवी, छत्री, खाण्याचा डबा आत नेता येत नाही. यात अविश्वासाचा भाग थोडा आणि अनुभवाचा अधिक आहे. लोहयुक्त काळ्या शाईने लिहिलेले जुने कागद काळ गेला की अक्षरांच्या जागीच करपतात, आणि बोटाच्या एका ओढीने ओवीचा चरण गळून पडू शकतो. अशा पोथीवर काम करणारा संशोधक दिवसात पाचपन्नास ओव्या ताडून झाला, तर भाग्यवान. रोमन प्रतीतला 'एन' दोनदा आला की ण समजायचा, 'एक्स' आला की श. ही स्टीफन्सच्या परंपरेची लेखनपद्धती एकदा डोळ्यांत बसली म्हणजे दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचता येतात आणि फरक आपोआप उठून दिसू लागतात.

गोव्याबाहेर गेलेले गोव्याचे वाङ्मय लंडनपुरतेच नाही. पोर्तुगालच्या उत्तरेस ब्रागा नावाचे शहर आहे. तेथील जुने सार्वजनिक ग्रंथालय आज मिन्हो विद्यापीठाच्या व्यवस्थेखाली आहे. त्याच्या संग्रहात गोव्याच्या जेझुइटांनी रोमन लिपीत उतरवून घेतलेली हस्तलिखिते आहेत. त्यांत रामायण-महाभारताच्या कथा जुन्या कोकणी गद्यात आहेत आणि ओवीबद्ध मराठी आख्यानेही आहेत. लिस्बनमध्ये प्राध्यापक असलेले मारियानो सालढाणा आणि मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाचे अ. का. प्रियोळकर या दोन गोमंतकीयांच्या परिश्रमांमुळे या काळातील वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. ज्यांनी पोथ्या हिरावल्या, त्यांनी भाषा शिकण्यासाठी केलेल्या नकलांतच त्या काळचे हिंदू कथावाङ्मय शिल्लक राहावे, यातला विरोधाभास प्रियोळकरांसारख्या चोख संशोधकाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. केळशीच्या कृष्णदास शामा यांचे नाव आज पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला दिलेले आहे. त्यांच्या काळचे गोमंतकीय वाङ्मय मात्र ब्रागाला जाऊन वाचावे लागत होते. ही भाषा मराठी म्हणावी की कोकणी, असा वाद त्या पानांवर पुढे पुष्कळ झाला. १६१६ मध्ये साष्टीतल्या वाचकाने या दोहोंमध्ये आजच्यासारखी रेघ ओढली असती, असे ख्रिस्तपुराण वाचताना वाटत नाही.

गोव्यातही काही थोडे उरलेले नाही. दप्तरखान्याचे संचालक पांडुरंग पिसुर्लेकर यांनी जन्मभर जमविलेली पुस्तके व कागद आता गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पिसुर्लेकर संग्रह म्हणून वेगळे ठेवलेले आहेत. पोर्तुगीज-मराठे संबंधांचा अभ्यासक तेथे गेल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. त्याच संग्रहात ख्रिस्तपुराणाचीही एक हस्तलिखित प्रत आहे, आणि ती ज्या नावाने ओळखली जाते ते नाव कामत वाघ, म्हणजे हिंदू घराण्यातले आहे. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत हे पुराण वाचले गेले हे सर्वश्रुत आहे; हिंदूच्या हाती ते कोणत्या निमित्ताने आले, भक्तीने की भाषेच्या ओढीने की केवळ लेखनाची मजुरी म्हणून, हा शोध एखाद्या तरुण अभ्यासकाने घ्यावयाजोगा आहे.

छापील प्रतीचा शोधही संपलेला नाही. जुन्या काळी पुस्तक बांधताना पुठ्ठा जाड व्हावा म्हणून आत रद्दी छापील पाने डकविण्याची रीत युरोपात सर्रास होती, आणि युरोपातील कित्येक हरवलेल्या पुस्तकांची पाने अशा बांधणीतच मिळाली आहेत. राशोलच्या छापखान्यातील वाया गेलेले ताव कोणत्या पुस्तकाच्या पाठीत गेले असतील, ते सांगता येत नाही. म्हणून सतराव्या शतकातील गोव्याचे पुस्तक दुरुस्तीला आले की जाणता दुरुस्तीकार उसवलेल्या पुठ्ठ्यातील कागद पाण्यात हलकेच सोडवितो, वाळवितो आणि त्यावर अक्षर आहे का, ते आधी पाहतो.